आधी मला कळव

चष्मेवाल्याला आपल्या साडूचा हेवा वाटायचा असं म्हणणं म्हणजे विस्तवाला कोमट म्हणण्यासारखं आहे. गल्लीतले लोक सांगायचे, साडूचं नाव निघालं की ह्याच्या दुकानातल्या भिंगांवर आतून वाफ धरते. एका म्हातारीनं तर शपथेवर सांगितलं होतं की, तिचा नंबर काढत असताना बाहेरच्या रस्त्यानं साडू गेला आणि समोरच्या पाटीवरचं सगळ्यांत मोठं अक्षर अंग चोरून बारीक झालं. म्हातारी थोडं वाढवून सांगत असेल. पण फार नाही.

साडू पंखेवाला. पंखे, कूलर, दमलेल्या मोटारी, जे जे फिरायचं थांबलं ते ते तो फिरवून द्यायचा. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली चष्मेवाल्याची, धाकटी पंखेवाल्याची. नात्यानं चष्मेवाला मोठा, त्यामुळे मान त्याचा. पण मान वेगळा आणि लाड वेगळे. चष्मेवाला सासुरवाडीला गेला की घरातली माणसं सावरून बसायची, त्याला चांगली खुर्ची द्यायची आणि हवापाण्याचं विचारायची. पंखेवाला गेला की सगळी त्याच्याभोवती फतकल मारून बसायची, कारण आल्या आल्या तो माळ्यावरचा एखादा मोडका पंखा मांडीवर घ्यायचा. चष्मा दाखवायला मात्र कुणी म्हणून यायचं नाही. त्या घराण्यात लहानथोर सगळ्यांची नजर घारीसारखी. चष्मेवाल्याला हेही मुद्दाम केल्यासारखं वाटायचं.

हजच्या सोडतीची गोष्ट तर काढूच नका. चष्मेवाला वर्षामागून वर्षं अर्ज भरत होता. दर वर्षी यादी लागायची, दर वर्षी तो ती जाड भिंगातून वाचायचा, आणि दर वर्षी त्याचं नाव तिच्यात नसायचं. शेवटी एकदाचं लागलं. आनंदानं त्यानं दुकान बंद केलं, बायकोला सांगायला घरी धावला. दारात धाकटीच्या चपला. आत ती बहिणीच्या गळ्यात पडून रडत होती, हसत होती. पंखेवाल्यानं सहज म्हणून अर्ज टाकला होता. पहिलाच. तोही लागला होता. दोन्ही जोडपी एकाच टोळीत, एकाच विमानात जाणार होती. थोरली म्हणाली, "अहो, किती छान झालं, सोबत झाली." चष्मेवाला म्हणाला, छान झालं. म्हणताना त्याच्या दाताखाली खडा आल्यासारखा आवाज झाला.

तर अशी ही चौघं त्या पवित्र मुलखात येऊन दाखल झाली. तिथं पांढऱ्या तंबूंचं एक अख्खं गाव वसवलेलं असतं. तंबूत गाद्यांना गाद्या भिडलेल्या. बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी. आणि साडूची गादी कुणाच्या गादीला भिडून असणार, ते सांगायला हवं का?

अंगावर एहराम. दोन पांढरे, न शिवलेले कपडे, एक नेसायचा, एक पांघरायचा. तो अंगावर असेपर्यंत बंधनंच बंधनं. अत्तर लावायचं नाही, नख कापायचं नाही, केस तोडायचा नाही. आणि भांडायचं नाही. हे शेवटचं चष्मेवाल्याला फारच जड गेलं. तो घरून मनात भांडणांचं एक बोचकंच बांधून घेऊन आला होता, आणि सोडायची मुभा नव्हती.

पहिल्याच दुपारी तंबूतला कूलर बंद पडला. माणसं पाघळायला लागली. पंखेवाल्यानं पांघरलेला कपडा खांद्यावर नीट खोचला, कुणाकडून तरी पकड मागून घेतली, कूलरच्या पोटात हात घातला आणि दमेकऱ्याचा श्वास मोकळा व्हावा तसा कूलर सुटला. त्या गार झोतात सगळ्या तंबूनं त्याला दुवा दिल्या. त्याच दुपारी चष्मेवाल्यानं कोपऱ्यातल्या एका आजोबांच्या चष्म्याचा निसटलेला स्क्रू नखानं आवळून दिला होता. पण आजोबा तेव्हा झोपलेले होते. उठल्यावर त्यांनी चष्मा घातला, कूलरकडे बघितलं आणि पंखेवाल्याला दुवा दिली.

आता मुख्य गोष्ट. मोठ्या दिवशी, म्हणजे बकरी ईदला, कामांचा क्रम ठरलेला असतो. आधी सैतानाच्या खांबाला खडे मारायचे, मग कुर्बानी, मग मुंडण. कुर्बानी झाल्याशिवाय डोक्याला वस्तरा लावायचा नाही, आणि वस्तरा लागल्याशिवाय एहराम सुटायचा नाही. पण जनावरं कापण्याचं आवार तंबूंपासून लांब. तिथं कुणीही उठून आत जायचं नाही, पास लागतो. म्हणून लोक वकील नेमतात. वकील म्हणजे काळ्या कोटातला नव्हे. ज्याला सांगायचं, बाबा, माझ्या वतीनं तू कर, तो वकील. त्यानं तिथं उभं राहून तुमच्या नावानं जनावर द्यायचं आणि तुम्हाला कळवायचं. त्याचा निरोप आला की तुम्ही न्हाव्यापुढं डोकं धरायचं.

ह्या चौघांना वकील घरचाच मिळाला. दोघी बहिणींचा भाऊ, म्हणजे ह्या दोघांचा मेहुणा, त्याच मुलखात थंड मालाची गाडी चालवायचा. त्या दिवसांत त्याची गाडी त्याच आवाराच्या दिमतीला, त्यामुळे पासही होता. मेहुणा तसा गुणी, पण त्याला एक खोड. त्याच्या तोंडून कधी "नाही" निघायचं नाही. लहानपणी थोरल्या बहिणीनं विचारलं, माझ्याबरोबर येतोस का, तर हो. धाकटीनं विचारलं, माझ्याबरोबर राहतोस का, तर तिलाही हो. मग बिचारा उंबऱ्यात उभा राहून रडायचा.

आदल्या दिवशी तो भेटायला आला. चौघांनी आपापली कुर्बानी त्याच्यावर सोपवली. पंखेवाला म्हणाला, "चांगलं धडधाकट बघ, बाकी तुला कळतं." झालं त्याचं. चष्मेवाल्याचं कुठलं एवढ्यात होतंय. त्यानं मेहुण्याला पाण्याच्या टाकीमागं नेलं.

"माझा मेंढा थोराड हवा," तो म्हणाला. "शिंगं चांगली वळलेली. कळपात उठून दिसला पाहिजे."

"हो दाजी."

"आणि माझं आधी व्हायला हवं. मी थोरला आहे."

मेहुण्यानं डोकं खाजवलं. "दाजी, तिथं रांग असते. नंबर कसा लागेल तसा लागेल."

"ते मला माहीत नाही. रांगेत काय व्हायचं ते होऊ दे, पण आधी मला कळव. त्याच्या आधी. काही झालं तरी. तुझ्या ताईची शपथ आहे."

"हो दाजी," मेहुणा म्हणाला, आणि त्याचा चेहरा उंबऱ्यातल्या त्या पोरासारखा झाला.

मोठ्या दिवशी पहाटेच सगळे खडे मारून आले. चष्मेवाल्यानं आपले खडे इतक्या त्वेषानं मारले की शेजारचे चार लोक बाजूला सरकले. तंबूत येऊन सगळे फोन उशाशी ठेवून वाट बघत बसले. जिकडंतिकडं घंट्या वाजत होत्या. एकेक जण उठत होता, "झालं, झालं" म्हणत न्हाव्यांकडं निघत होता. पंखेवाल्याचा फोन मात्र मेलेला. कोपऱ्यातल्या आजोबांना घरी बोलायचं होतं, मग आजोबांच्या सोबत्याला, मग सोबत्याच्या सोबत्याला. फोन वाटता वाटता रिकामा झाला, आणि तंबूतल्या चार्जिंगच्या एकुलत्या बटणापाशी झुंबड.

"साडूभाऊ," पंखेवाला म्हणाला, "माझा लागला नाही तर मेहुणा तुमच्याच फोनवर सांगेल. जरा लक्ष असू द्या."

चष्मेवाला म्हणाला, असू देतो.

आणि तेवढ्यात निरोप आला. "दाजी, तुमचं झालं." चष्मेवाल्यानं तो एकदा मनात वाचला, एकदा मोठ्यानं वाचला, आणि मग ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी आणखी मोठ्यानं वाचला. साडूच्या आधी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी साडूच्या आधी. त्याला असं हलकं वाटलं की कूलरच्या झोतानं तो दारापर्यंत सरकत गेला, असं आजोबा पुढं सांगत होते. पंखेवाल्यानं मनापासून मुबारक म्हटलं. इतक्या मनापासून की चष्मेवाल्याचा थोडा विरसच झाला.

"चला, मी येतो बरोबर," पंखेवाला म्हणाला. "तुम्ही चष्मा काढून बसाल, मग चपलासुद्धा दिसायच्या नाहीत."

हे खरं होतं. चष्मेवाल्याचा स्वतःचा नंबर असा की चष्मा काढला की त्याला माणूस आणि खांब सारखेच. दोघे न्हाव्यांच्या रांगेशी आले. एकामागून एक खुर्च्या, जमिनीवर काळ्यापांढऱ्या केसांचा गालिचा. न्हाव्यानं वस्तरा धरून आधी विचारलं, जनावर झालं ना? चष्मेवाल्यानं निरोप त्याच्या नाकासमोर धरला. मग फोन शेजारच्या स्टुलावर ठेवला, चष्मा साडूच्या हातात दिला आणि डोकं पुढं केलं. न्हाव्यानं पाणी लावलं.

फोन वाजला.

त्यानं मेहुण्यासाठी वेगळी घंटी लावून ठेवली होती, त्यामुळे न बघताच कळलं कोण आहे. आणि न बघताच कळलं का आहे. दुसरं काय असणार! साडूचा फोन बंद. तेव्हा हा सांगणार, धाकट्या दाजींचंही झालं, त्यांना सांगा. म्हणजे साडू लगेच शेजारच्या खुर्चीत बसणार, न्हाव्याचा हात ह्याच्या न्हाव्यापेक्षा चपळ असणार, आणि दोघे बरोबरच उठणार. कदाचित तो आधीच. एवढं सगळं चष्मेवाल्याच्या मनात घंटी दोनदा वाजायच्या आत येऊन गेलं.

"उचला की," न्हावी म्हणाला.

"नंतर," चष्मेवाला म्हणाला. "तुम्ही चालू द्या."

त्यानं साडूच्या दिशेनं पाहिलं. एक पांढरा धूसर ठिपका. दूर असावा. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. वस्तरा कपाळापासून मानेपर्यंत फिरला आणि चष्मेवाल्याचं डोकं उकडलेल्या अंड्यासारखं लख्ख झालं. उठताना त्यानं फोन गप्प करून कमरेच्या पट्ट्यात सारला. मनाशी म्हणाला, थोड्या वेळानं सांगू. सांगणार नाही असं थोडंच आहे? थोड्या वेळानं.

तो थोडा वेळ ताणता ताणता दुपार झाली. चष्मेवाला न्हाला. सुगंधी साबण लावून न्हाला. शिवलेले कपडे घातले, ज्यांची शिवण न् शिवण त्याला त्या दिवशी दागिन्यासारखी वाटली. कानामागं अत्तराचा फाया खोचला. मग काही काम नसताना तो साडूच्या गादीवरून इकडून तिकडं गेला, तिकडून इकडं आला. पंखेवाला एहरामात बसून होता. उन्हानं त्याच्या मानेवर पुरळ उठलं होतं, आणि खाजवताना केस तुटेल म्हणून तो नुसता फुंकर मारायचा प्रयत्न करत होता. स्वतःच्या मानेवर स्वतः फुंकर मारणं किती अवघड, ते करून पाहा. एकदा त्यानं विचारलं, काही निरोप? चष्मेवाला म्हणाला, छे. पंखेवाल्यानं त्याच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मान खाली घातली.

थोरली तंबूच्या पडद्याशी आली. तिला नवऱ्याचं डोकं बघून हसू आलं. तो म्हणाला, तुझंही झालंच असणार, माझ्या जोडीचं. काप तू केसांचं टोक.

"धाकटीचं झालं का?"

"तिचा नाही आला निरोप."

"मग थांबते की. दोघी मिळून कापू," थोरली म्हणाली. "कात्री तर एकच आहे." आणि ती गेली.

चष्मेवाल्याला राग आला. आपल्या बायकोनंसुद्धा आपलं पुढं जाणं साजरं करू नये!

ऊन कलल्यावर मेहुणा आला. कपडे धुळीनं भरलेले, घसा बसलेला. आत येताच त्याची नजर पंखेवाल्यावर पडली आणि तो जागच्या जागी थांबला.

"धाकटे दाजी, तुम्ही अजून असेच? तुमचं तर सगळ्यांत आधी झालं. सकाळीच! मी थोरल्या दाजींना फोन…"

इथं त्याला ते चकचकीत डोकं दिसलं. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त असं उतरलं की धुळीखालीसुद्धा कळलं.

"दाजी," तो हळू आवाजात म्हणाला, "मी फोन करत होतो. तुमचं तेव्हा राहिलं होतं."

मग जे घडलं होतं ते त्यानं अडखळत सांगितलं. रांगेत धाकट्या दाजींचं आणि धाकट्या ताईचं जनावर पुढं लागलं, ते झालं. थोरल्यांचे दोन त्यांच्या पाठोपाठच होते, अगदी पुढचा नंबर. पण त्यानं शपथ घेतली होती, आधी थोरल्या दाजींना कळवायचं. धाकट्यांचं झालेलं आणि थोरल्यांना काही सांगितलेलं नाही, असं कसं चालेल? आता होईलच, म्हणून त्यानं "झालं" लिहून टाकलं. आणि लिहितोय न लिहितोय तोच जनावरांचा डॉक्टर आला. तो थोराड, वळलेल्या शिंगांचा मेंढा, अख्ख्या कळपात शोधून काढलेला, चालताना मागच्या पायानं लंगडत होता. लंगडं जनावर कुर्बानीला चालत नाही. डॉक्टरनं त्याला बाजूला काढलं. मेहुणा फोन करत सुटला, थांबा, वस्तरा लावू नका म्हणून. दुसरा मेंढा शोधायचा, पुन्हा रांगेच्या शेपटाला लागायचं, त्यात दोन्ही कुर्बान्या मागं पडल्या. त्या आता कुठं झाल्या होत्या, आणि तो तसाच धावत आला होता.

"चूक माझी आहे," मेहुणा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

चष्मेवाल्यानं डोक्यावरून हात फिरवला. तिथं धरायला काहीच नव्हतं.

टोळीचे मौलाना तीन गाद्या पलीकडं बसले होते. त्यांना विचारावं लागलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आपल्या रीतीत क्रम मोडला की दंडाचं एक जनावर द्यावं लागतं, ते म्हणाले; चुकून झालं असलं तरी. घाबरायचं कारण नाही, हज बुडत नाही. पण ते इथंच, ह्या हद्दीत व्हायला हवं. घरी गेल्यावर देतो म्हटलं तर चालणार नाही. उद्यापरवात उरकून टाका म्हणजे मन मोकळं होईल. थोरलीचं काहीच बिघडलं नव्हतं. ती थांबली होती. तिकडून दोघी बहिणींचं हसणं आणि कात्रीचा आवाज आला.

"दाजी, मी कुणाला न कळू देता करतो," मेहुणा कानाशी म्हणाला. मग त्याचं तोंड उतरलं. त्याला आठवलं की गाडी भरून उभी आहे आणि संध्याकाळी त्याला लांबच्या गावी निघायचं आहे. पास तर आजच्यापुरताच. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून "नाही" निघालं, तेही अर्धंच.

"मग कोण जाणार तिथं?"

मेहुण्यानं पायाच्या अंगठ्यानं गादीची कड खरवडली. आवारातले भिंतीएवढे मोठे पंखे बंद पडले होते, तो म्हणाला. त्यानं तिथल्या साहेबांना सांगितलं होतं की माझे धाकटे दाजी वाऱ्यालासुद्धा दुरुस्त करतात. तेव्हा उद्या सकाळी धाकट्या दाजींना न्यायला गाडी येणार होती. पाससकट.

म्हणजे पाहा. लाखो माणसांच्या त्या गावात पास एकाच्या हातात, आणि तो एक कोण! चष्मेवाल्याला कानामागचं अत्तर नकोसं झालं. मौलानांनी सांगितलं होतं की कुणालाही वकील नेमता येईल. टोळीच्या कचेरीत पैसे भरून चिठ्ठी घेतली तरी काम होईल, फक्त कधी झालं ते कळायचं नाही. आणि "झालं" ह्या शब्दावर न बघता विश्वास ठेवायची त्याची हिंमत आता संपली होती. ज्याला आपण हाडापासून ओळखतो असं कुणीतरी तिथं उभं असायला हवं होतं. आणि हाडापासून तो एकालाच ओळखत होता. त्याचाच तर अभ्यास त्यानं जन्मभर केला होता.

पंखेवाला मुंडण करून, न्हाऊन आला. शिवलेल्या कपड्यांत आला. मानेवर मलम चोपडलेलं. तो गादीवर बसला तसा चष्मेवाला म्हणाला, "साडूभाऊ, एक काम होतं."

"बोला."

"उद्या तिथं जाताय. माझ्या वतीनं एक जनावर द्यायचंय. दंडाचं." आणि पुढचंही त्यानं लोटून बाहेर काढलं. "सकाळी मेहुण्याचा फोन आला होता. मला वाटलं, तुमचं झालं हे सांगायला. म्हणून उचलला नाही."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तुमचा चष्मा हातात घेऊन मी स्टुलाला चिकटूनच उभा होतो. नाव दिसत होतं फोनवर." पंखेवाल्यानं मलमाची बाटली बंद केली. "तुम्हाला लांब वाटलो असेन."

चष्मेवाल्याला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. पण तिथली जमीन फार घट्ट होती.

"मग बोलला का नाहीत?"

"एहरामात होतो ना. तोंड उघडलं असतं तर तुमचं टाळकंच फोडलं असतं." पंखेवाल्यानं बाटली उशाखाली सारली. "असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला राग आला होता. म्हटलं, दाबतोय ना माझा निरोप, दाबू दे, बघू किती वेळ दाबतो. मी नुसतं 'उचला' म्हटलं असतं तर तुमचा वस्तरा थांबला असता. मग दुपारभर मान खाजत बसलो आणि तुम्ही येरझाऱ्या घालताना मोजत बसलो."

"किती झाल्या?"

"अत्तराच्या वासावरून मोजत होतो. नंतर नाकच बंद झालं."

मग चष्मेवाला म्हणाला, आता एहराम सुटलाय. भांडायचं असेल तर भांडून घ्या. पंखेवाला म्हणाला, घरी गेल्यावर; इथं तंबूला भिंती नाहीत. आणि विचारलं, मेंढा कसला हवा, शिंगवाला?

"चार पायांवर नीट चालेल असला," चष्मेवाला म्हणाला. "तुमच्या हाताला येईल तो." मग, विचारल्यावाचून राहवेना म्हणून, अगदी हळू, "आणि कळवायचं…"

"तुमच्या आधी कुणाला कळवू? दंड तुमचा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली आणि पंखेवाल्याला एखाद्या पाहुण्यासारखं घेऊन गेली. तंबूतली माणसं त्याला दारापर्यंत पोचवायला गेली. चष्मेवाल्याचा हेवा पुन्हा जागा झाला; तोच जुना, ओळखीचा. त्यानं तो तसाच दाबून धरला. आज ज्याच्यावर जळायचं त्याच्याच हातात आपलं काम, त्यामुळे जळतानासुद्धा त्याच्या सुखरूप पोचण्याची दुवा मागावी लागत होती. असलं अवघड जळणं त्यानं आधी कधी केलं नव्हतं.

तो फोन दोन्ही हातांत धरून बसला. घंटी वाजली तेव्हा ती पुरती वाजायच्या आत त्यानं उचलला. पलीकडं असा घोंघाट की जणू कुणी वादळ पोत्यात भरत होतं. मोठे पंखे सुरू झाले होते.

"साडूभाऊ, ऐकू येतंय का?" पंखेवाला ओरडत होता. "झाल्यावर सांगत नाही. आत्ताच ऐका, होतंय ते."

आणि त्या घोंघाटाच्या वर चढून पंखेवाल्यानं चष्मेवाल्याचं नाव घेतलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, एकही अक्षर न खाता. बापाचं नाव असं मोठ्यानं शेवटचं कधी घेतलं गेलं होतं, ते चष्मेवाल्याला आठवेना, बहुधा लग्नात. साडूला ते ठाऊक होतं. इतकी वर्षं लक्षात ठेवलं होतं. मग अल्लाचं नाव आलं, आणि मग नुसते पंखे.

"झालं," पंखेवाला म्हणाला.

चष्मेवाल्याला दिसेनासं झालं. त्यानं चष्मा काढून पुसला, पण खराबी भिंगात नव्हती. आजोबांनी विचारलं, काय झालं? त्यानं सांगितलं. आजोबा म्हणाले, "नशीबवान आहात, असा साडू मिळाला." सगळा तंबू हो म्हणाला. आणि ओल्या डोळ्यांनीच चष्मेवाल्याच्या मनात आलं की हे वाक्य साडूला आजवर कुणी म्हटलं नसेल. म्हणणार तरी कुठल्या आधारावर?

ते त्याला फार लागलं. इतकं की दुपारी साडू परत आला तेव्हा तंबूत वेगळंच चाललं होतं. चष्मेवाला आपला बारीक पेचकस काढून गादीवर मांडी घालून बसला होता. खडे मारायच्या गर्दीत कितीतरी जणांच्या चष्म्यांच्या काड्या वाकल्या होत्या, बिजागऱ्या निसटल्या होत्या. आजोबांना त्यानं या वेळी जागं करून मगच स्क्रू आवळला होता. रांग लागली होती. दाराबाहेरपर्यंत.

पंखेवाला ती सगळी रांग ओलांडून सरळ पुढं आला. त्याच्या जवळच्या चष्म्याची, बारीक तारा बघायला तो जो वापरायचा त्याची, एक काडी पंख्याच्या पात्यानं उडवली होती. त्यानं तो चष्मेवाल्याच्या मांडीवर ठेवला.

"साडू आहे तुमचा. माझा आधी करा."

चष्मेवाल्यानं काडी उजेडात धरून पाहिली. मग अख्ख्या तंबूला ऐकू जाईल असं, जन्मात न मिळालेल्या समाधानानं, तो म्हणाला, "नंबर कसा लागेल तसा लागेल."

पंखेवाला निमूट मागं जाऊन रांगेच्या शेपटाला उभा राहिला. तिथं उभ्या उभ्या त्यानं आजूबाजूच्यांना पंख्यांची हकिकत सांगायला सुरुवात केली, आणि पाहता पाहता सगळी रांग वळून त्याच्याकडं तोंड करून उभी राहिली. चष्मेवाल्याला समोर नुसत्या पाठी दिसत होत्या. तो दात आवळून स्क्रू फिरवत राहिला. मग हळूच त्यानं साडूचा चष्मा उचलला आणि सगळ्यांच्या आधी तोच हातात घेतला. नाहीतर हे पुराण संपायचं नव्हतं.